व्हिडिओ एडिटिंगमध्ये आवाज अचानक कमी-जास्त का होतो?

मुलाखतीचा व्हिडिओ एडिट करताना पाहुणा नीट बोलत असतो आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा आवाज एकदम खाली जातो. क्लिपवरची व्हॉल्यूमची रेषा सरळ असते, इफेक्टही लावलेला नसतो. अशा वेळी बहुतेक जण तेवढा तुकडा कापून त्याचा व्हॉल्यूम वाढवतात. दोष दुसरीकडेच असेल तर हा उपाय महागात पडतो. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये नेमका तोच तुकडा फाटलेला ऐकू येतो. म्हणून व्हॉल्यूमला हात लावण्याआधी तो कुठे बदलतो आहे, हे शोधावे लागते.

रेकॉर्डिंगमधला आवाज क्लिप, ट्रॅक, सगळे ट्रॅक एकत्र येतात तो मास्टर, मग संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि शेवटी हेडफोन असा प्रवास करून कानापर्यंत येतो. प्रत्येक टप्प्यावर त्याची पातळी बदलू शकते आणि एका टप्प्यावरचा बदल दुसऱ्या टप्प्याच्या पडद्यावर दिसत नाही.

दोष प्रोजेक्टमध्ये की संगणकात?

याचे उत्तर सॉफ्टवेअरमधला ऑडिओ मीटर देतो. आवाज कमी ऐकू येताना मीटरही खाली उतरला तर दोष प्रोजेक्टमध्ये आहे. मीटर पूर्वीइतकाच वर राहिला तर प्रोजेक्ट ठीक आहे आणि गडबड पुढे कुठेतरी आहे.

विंडोजमध्ये याचे एक नेहमीचे कारण सापडते. कॉल सुरू झाल्याचे लक्षात येताच इतर सर्व आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सोय त्यात मुळातच चालू असते. मागे मीटिंगचे अ‍ॅप उघडे असेल तर एडिटिंगचा आवाज अचानक बसतो. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमधील ‘कम्युनिकेशन्स’ या भागात ‘डू नथिंग’ निवडले की हा प्रकार थांबतो. ब्लूटूथ हेडसेटचा त्रास याहून वेगळा आहे. सॉफ्टवेअरने त्याचा माइक वापरायला घेतला की हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीने चालू लागतो आणि आवाज पातळ, डबक्यातून आल्यासारखा होतो. प्रीमियर प्रोच्या ऑडिओ हार्डवेअर सेटिंगमध्ये इनपुट ‘नो इनपुट’ ठेवल्यास तो पूर्ववत होतो.

क्लिप सरकवून पाहा

दोष प्रोजेक्टमध्येच असेल तर क्लिप टाइमलाइनवर दहा-पंधरा सेकंद पुढे सरकवून पाहावी. दोष क्लिपबरोबर सरकला तर तो क्लिपमध्ये किंवा मूळ फाइलमध्ये आहे. जुन्याच जागी राहिला तर तो ट्रॅकवर किंवा मास्टरवर आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते, तरी ती फार थोडे जण करतात.

जागीच राहणाऱ्या दोषामागे बहुधा ट्रॅक ऑटोमेशन असते. प्रीमियर प्रोच्या ऑडिओ ट्रॅक मिक्सरमध्ये ‘राइट’, ‘टच’ किंवा ‘लॅच’ यांपैकी काही चालू असताना फेडर हलला, तर ती हालचाल कीफ्रेमच्या रूपात ट्रॅकवर नोंदली जाते. टाइमलाइनवर मात्र सहसा क्लिपचे कीफ्रेम दिसत असतात, ट्रॅकचे नाहीत. ट्रॅकच्या डोक्याशी असलेल्या कीफ्रेमच्या बटणातून ‘ट्रॅक कीफ्रेम्स’ निवडले की लपलेले चढउतार समोर येतात.

निवेदन सुरू होताच संगीत आपोआप खाली नेणारे ‘डकिंग’ उलट्या बाजूने फसवते. त्याचे कीफ्रेम संगीताच्या क्लिपवर बसतात. नंतर निवेदन पुढेमागे सरकवले आणि कीफ्रेम नव्याने तयार केले नाहीत, तर कोणी बोलत नसताना संगीत खाली जाते आणि बोलणे सुरू झाले की वर येते.

दोष क्लिपबरोबर सरकत असेल तर मूळ फाइल साध्या प्लेअरमध्ये ऐकावी. कॅमेरे आणि मोबाईल माइकची पातळी आपणहून ठरवतात. टाळ्यांचा कडकडाट झाला की ती खाली घेतात, शांतता झाली की हळूहळू वर नेतात. हा चढउतार रेकॉर्डिंगमध्येच असतो. एडिटिंगमध्ये तो हाताने कीफ्रेम देऊन सावरावा लागतो.

हेडफोनवर ठीक, मोबाईलवर गायब

सर्वांत घातक दोष हाच, कारण तो काम देऊन झाल्यावर कळतो. मोबाईलवर व्हिडिओ लावला तर संगीत नीट वाजते, वक्त्याचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाहीत.

याचे मूळ अनेकदा केबलमध्ये असते. सभागृहातील मिक्सरची बॅलन्स्ड केबल एकच आवाज दोन तारांवरून पाठवते, एका तारेवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. कॅमेऱ्याच्या स्टिरिओ सॉकेटला हे ठाऊक नसते. तो त्या दोन तारांना डावा आणि उजवा चॅनल समजतो. हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात, म्हणून बोलणे ऐकू येते, फक्त ते जरा पोकळ वाटते. एकच स्पीकर असलेल्या मोबाईलमध्ये दोन्ही चॅनलची बेरीज होते आणि सुलट्यात उलटा मिळून जवळपास शून्य उरते. इथे व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी उपयोग नाही, कारण शून्याची कितीही पट शून्यच.

उपाय सोपा आहे. एक चॅनल टाकून द्यायचा आणि उरलेला दोन्हीकडे वापरायचा. प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अ‍ॅट्रिब्युट्स’मध्ये जाऊन क्लिप मोनो करून हवा तो चॅनल निवडता येतो. सभेचे किंवा नाटकाचे चित्रीकरण असेल तर काम देण्यापूर्वी ते एकदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलेच पाहिजे.

एक्सपोर्टनंतरचा फरक

डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा ० डेसिबल असते. एकच ऑडिओ चुकून दोन ट्रॅकवर तंतोतंत एकाखाली एक बसला तर पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते आणि मर्यादा सहज ओलांडली जाते. एडिटिंगमुळे फाटलेला आवाज पातळी कमी करून सुधारतो. पण १६ किंवा २४ बिट रेकॉर्डिंग करतानाच तो फाटला असेल, तर लाटांचे कापले गेलेले शेंडे परत मिळत नाहीत.

एफएफएमपेगवर चालणाऱ्या साध्या साधनांत आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसतो. त्यातील ‘एमिक्स’ फिल्टर अनेक आवाज मिसळताना प्रत्येकाची पातळी मुळातच कमी करतो. त्यातला एक संपला की उरलेल्यांची पातळी साधारण २ सेकंदांत वर चढते. निवेदन संपताच संगीत फुगते ते यामुळे. नव्या आवृत्त्यांत ‘नॉर्मलाइज’ हा पर्याय बंद करता येतो.

यूट्यूबवर टाकल्यावर व्हिडिओ हळू वाटला तर त्याची दोन कारणे असू शकतात. यूट्यूब सुमारे वजा १४ एलयूएफएसपेक्षा मोठ्या आवाजाचे व्हिडिओ खाली आणते, पण हळू आवाजाचे वर नेत नाही. कोणते कारण लागू आहे, हे व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये पाहता येते. तिथे ‘कंटेंट लाउडनेस’पुढचा आकडा उणे असेल तर व्हिडिओ मुळातच हळू आहे आणि तो पुन्हा एक्सपोर्ट करावा लागेल.