ईसीयू बदलल्यावर इंजिन तापते तेव्हा
मोटारीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, बदलल्यानंतर इंजिन तापू लागले, तर रेडिएटर उतरविण्याची घाई करू नये. प्रथम पंखा पाहावा. अनेक आधुनिक गाड्यांत रेडिएटरचा विजेवरील पंखा हा संगणकच रिलेमार्फत सुरू करतो. मॉडेल एकच असले, तरी इंजिन, गिअरबॉक्स वा एसी यांनुसार संगणकाचा पार्ट नंबर बदलतो. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेल्या संगणकावर गाडी चालू होऊ शकते. पण पंख्याला आज्ञा मिळेलच असे नाही. हमरस्त्यावर वाऱ्यामुळे इंजिन थंड राहते आणि सिग्नलला थांबताच काटा चढतो, हे पंख्याच्या दोषाचे ठळक लक्षण.

स्कॅनरवरील कूलंटचे तापमान प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर तापमानाचा सेन्सर, त्याची वायर किंवा त्या सेन्सरशी न जुळणारा संगणक यांपैकी एक कारण असते. तापमान बरोबर दिसते, १०० अंश सेल्सिअस ओलांडते, तरीही पंखा स्तब्धच असेल, तर फ्यूज व रिले तपासावेत आणि पंख्याला थेट बॅटरीचा प्रवाह द्यावा. पंखा फिरला, तर मोटर निर्दोष.

भरधाव गाडीतही इंजिन तापत असल्यास थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा कूलंटमध्ये अडकलेली हवा यांचा संशय घ्यावा. संगणक नुकताच बदलला, एवढ्यावरून तोच दोषी ठरत नाही. तोवर गाडी दामटू नये. अति तापल्याने हेड गॅस्केट जाते, ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, आणि तो खर्च संगणकाहून जड पडू शकतो.