लिंकनच्या पत्नी आणि आपल्या माईसाहेब

मित्रहो, मागच्या वेळी अब्राहम लिंकनवर बोलून झाल्यावर शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, त्यांच्या बायकोचं पुढे काय झालं?" वेळ संपली होती. आम्ही "पुढच्या खेपेला सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र लक्षात आलं, की उत्तर लिंकनच्या घरातून सुरू झालं तरी ते आपल्या घराशी येऊन थांबतं. म्हणून आज तोच विषय.

लिंकन आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पण ज्या माणसाच्या काळात ती गुलामगिरी मोडली, त्याच्या पत्नी मेरी टॉड या स्वतः केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातल्या. यादवी युद्धात त्यांचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या बाजूने लढले, काही मारले गेले. आता विचार करा. उत्तरेकडचे लोक म्हणायचे, ही बाई शत्रूची हेर आहे. दक्षिणेकडचे म्हणायचे, ही घरभेदी. व्हाइट हाउस सजवायला संसदेने 20,000 डॉलर दिले, बाईंनी त्याहून जास्त उडवले. ही चूक त्यांचीच, ती झाकायचं कारण नाही. पण 1862 मध्ये त्यांचा विली नावाचा मुलगा गेला, 1865 मध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला गोळी घातली गेली, 1871 मध्ये आणखी एक मुलगा गेला. पैशाची इतकी चिंता, की 1867 मध्ये जुने कपडे विकायला काढले. वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. 1870 मध्ये वर्षाला 3,000 डॉलर पेन्शन मिळालं, तेही बरंच ताणून. आणि 1875 मध्ये उरलेल्या एकुलत्या एका मुलाने, रॉबर्टने, आईला वेडी ठरवण्यासाठी कोर्टात अर्ज केला. ज्युरीने त्या वेड्या असल्याचं ठरवलं. वर्षभराने दुसऱ्या ज्युरीने तेच फिरवलं. 1882 मध्ये बहिणीच्या घरी त्या वारल्या.

लिंकनच्या वकिलीतला भागीदार हर्नडन याला मेरीबाई कधीच आवडल्या नव्हत्या. लिंकन गेल्यावर त्याने व्याख्यानं दिली, पुढे चरित्र लिहिलं, आणि मेरीबाईंची जी प्रतिमा रूढ झाली ती बरीचशी त्याची. मोठ्या माणसाच्या बायकोचं चित्र पुष्कळदा त्याच्या मित्रांच्या हातून रंगवलं जातं, आणि त्या मित्रांचा तिच्यावर राग असतो. हे एवढं ध्यानात ठेवा, आता आपण पुढे जाऊ.

इथून, पडेगावहून, छावणी ओलांडून शहरात शिरलं की नागसेनवन फार लांब नाही. 1 सप्टेंबर 1951 रोजी तिथल्या महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. आता आम्ही सहज विचारतो, राजेंद्रबाबूंच्या पत्नीचं नाव कुणाला माहीत आहे? बघा, नाही ना. राजवंशी देवी. त्यांच्याविषयी वाद झाला नाही, म्हणून नावही उरलं नाही. पण ज्यांनी ते महाविद्यालय उभं केलं त्यांच्या दुसऱ्या पत्नीचं नाव काढलं की आजही काही घरांतलं बोलणं थबकतं.

डॉ. शारदा कबीर. जन्म 1909 चा, कोकणातल्या सारस्वत ब्राह्मण कुटुंबात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1937 मध्ये एम.बी.बी.एस. त्या काळात मुलीने डॉक्टर होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. या कुटुंबात भावंडांनीही आंतरजातीय लग्नं केलेली होती. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या हाताखाली त्या काम करत होत्या. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा पार ढासळलेली. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या वेदना, रात्र रात्र झोप नाही. रमाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती आणि पुन्हा लग्न करायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. तो त्यांनी मोडला. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत, हार्डिंग अव्हेन्यूवरच्या सरकारी निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने लग्न झालं. वर सत्तावन्न वर्षांचा, वधू एकोणचाळीसची. शारदेची सविता झाली. पुढे लोकांनी माईसाहेब म्हटलं.

तारखेकडे पाहा. घटनेचा मसुदा फेब्रुवारीत सादर झाला होता. घटना समितीपुढची चर्चा नोव्हेंबरात सुरू व्हायची होती. म्हणजे मसुदा समितीच्या अध्यक्षांचं सगळ्यांत दगदगीचं वर्ष-दीड वर्ष पुढे होतं. त्यानंतर हिंदू कोड बिल, राजीनामा, निवडणुकीतले पराभव. ही आठ वर्षं आजारी माणसाने ओढून काढली ती पथ्य, इन्सुलिन आणि वेळेवरच्या जेवणावर. घरात रोज हे बघणारं माणूस डॉक्टर होतं.

लग्नावरून चळवळीत कुजबुज लगेच सुरू झाली. ब्राह्मण बाई का? खरं म्हणजे 1936 मध्येच, 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात, जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे असं बाबासाहेबांनी मांडलं होतं. त्यांनी लिहिलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी स्वतः केलं तेव्हा नाक मुरडलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा शेजारी माईसाहेब होत्या. त्यांनीही दीक्षा घेतली. म्हणजे जन्माने मिळालेलं ब्राह्मण्य त्यांनी लाखोंच्या समोर सोडलं. तेही पुरेसं ठरलं नाही.

6 डिसेंबर. 26, अलीपूर रोड. पहाटे माईंना ते अंथरुणात निपचित आढळले. पुढच्या काही दिवसांत काय झालं असेल याची कल्पना करा. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. लाखो लोकांचा बाप गेला होता, आणि तो असा अचानक. दुःखाला कारण हवं असतं. कारणाला चेहरा हवा असतो. घरात एकच चेहरा होता जो 'आपला' नव्हता. विष दिलं, इंजेक्शन चुकीचं दिलं, काय काय बोललं गेलं. काही खासदारांनी चौकशीची मागणी केली. चौकशी झाली, आणि 1957 मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत सांगितलं की मृत्यू नैसर्गिक होता. लोकांपर्यंत निवेदन पोचलं, कागद पोचले नाहीत. संशय तिथेच मुरत राहिला.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आम्ही कॉलेजात असताना वसतिगृहाच्या ओट्यावर हे सगळं ऐकलं आणि मान डोलावली. त्याच वर्षी आम्ही तर्कशास्त्र शिकत होतो. हेत्वाभासांची यादी तोंडपाठ होती. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून पहिलीमुळे घडली असं मानू नये, हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले. आणि संध्याकाळी ओट्यावर: ही बाई ब्राह्मण, ब्राह्मणांनी बाबासाहेबांना छळलं, म्हणून हिने... मधली कडी कुठे आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. गंमत म्हणजे, जन्मावरून माणसाची नियत ठरवणं हेच तर आपल्याशी हजारो वर्षं झालं होतं!

पण संशय घेणाऱ्यांना मूर्खही म्हणू नका. पिढ्यानपिढ्या फसवल्या गेलेल्या समाजाला सावधपणा शिकवावा लागत नाही. शिवाय डॉक्टर म्हणून माई भेटायला येणाऱ्यांना अडवायच्या. दूरच्या गावातून आलेला कार्यकर्ता दारातून परत गेला, की त्याला ते पथ्य वाटत नाही, अपमान वाटतो. बाबासाहेबांचे सचिव म्हणून काम केलेल्या नानकचंद रत्तू यांच्या लेखनातही माईंविषयी कडवटपणा आहे. मालमत्तेवरून यशवंतराव आणि माई यांच्यात वाद झाले. हर्नडन आठवतो ना? रत्तूंची निष्ठा खरी होती, पण निष्ठावान माणूस साक्षीदार म्हणून तटस्थ असतोच असं नाही. माईंचं स्वतःचं लिखाणही आपण त्याच सावधपणे वाचावं.

आता आमच्या दृष्टीने सगळ्यांत बोचरी गोष्ट. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी एक प्रस्तावना लिहिली होती. तीत त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख करून पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले होते. ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे 1980 मध्ये भगवान दास यांनी ती छापून लोकांसमोर आणली. तेवीस वर्षं गेली मधे. ज्याच्या मृत्यूचा ठपका बाईवर होता, त्याचीच साक्ष तिच्या बाजूने होती, आणि ती वाचकांना दिसत नव्हती. मेरी लिंकनच्या बाबतीत असं लेखी काही नव्हतं. इथे होतं.

त्या वर्षांत माई दिल्लीत जवळजवळ एकाकी राहिल्या. सत्तरच्या दशकात, दलित पँथरची पिढी पुढे आल्यावर, काही तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा सभांमध्ये आणलं; त्यात आपल्या शहरातले गंगाधर गाडेही होते. 14 एप्रिल 1990 रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हातून बाबासाहेबांची भारतरत्न माईसाहेबांनी स्वीकारली. त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं पुस्तक आलं. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू त्यांनी पुण्याच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयाला दिल्या. 29 मे 2003 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्या मुलीला आमचं एक काम आहे. बाळ, घरी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'ची प्रत असेल ना? आज रात्री सुरुवातीची पानं उलटून बघ, ती प्रस्तावना आहे की नाही. आणि प्रत कोणत्या साली, कुठे छापली तेही लिहून आण. तुम्हा सगळ्यांनाच सांगतो. पुढच्या वेळी आपण त्या प्रती टेबलावर मांडून बघू.