गुत्त्याला भिंती कुठल्या?

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात 'गुत्तिगे' हा शब्द उठताबसता कानी पडतो. 'गुत्तिगे कार्मिक' म्हणजे कंत्राटी कामगार आणि 'गुत्तिगेदार' म्हणजे ठेकेदार. पुण्या-मुंबईकडचा मराठी माणूस हे ऐकून चपापतो, कारण त्याच्या लेखी गुत्ता एकच, तो दारूचा. मराठवाड्यातल्याला मात्र नवल वाटत नाही. त्याच्याकडे रस्त्याचे, पुलाचे काम आजही 'गुत्तेदार'च घेतो.

शब्दाचे कूळ द्राविडी असावे. कन्नडात गुत्तिगे, तेलुगूत गुत्त, तमिळमध्ये कुत्तगै. अर्थ मक्ता, खंड, ठेका असाच. मलयाळममध्ये 'कुत्तक' पुढे सरकून एकाधिकारावर गेला, तेलुगूनेही 'गुत्ताधिपत्यम्' घडवले. आपला 'मक्ता' याच वाटेने 'मक्तेदारी'पर्यंत पोचला. त्याच्या मुळाशी अरबीतला 'कापणे' या अर्थाचा धातू दिसतो: रक्कम एकदाची कापून ठरवली, की मामला मिटला. 'गुत्तेदार'ला मात्र द्राविडी धड आणि फारसी शेपूट. त्या '-दार'चे संस्कृत 'धृ'शी सख्खे नाते आहे, तेव्हा पाहुणा तसा घरचाच.

मग यात दारू कुठून आली? आबकारीतून. (या शब्दातला 'आब' म्हणजे पाणी, संस्कृत 'अप्'चा भाऊबंद.) एखाद्या टापूत दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात देई, मुंबई इलाख्यात 1878 साली त्यासाठी स्वतंत्र आबकारी कायदा झाला. 'दारूचा गुत्ता' म्हणजे आधी तो करार असावा, मग करार घेतलेले दुकान. पुढे 'दारूचा' हे विशेषण गळले तरी वास राहिला. हिंदीत 'ठेका' याच पायऱ्या उतरलेला दिसतो. कन्नड मात्र एक पायरी वरच थांबली. कर्नाटकात 2007 च्या जुलैत सारायीवर, म्हणजे देशी दारूवर, बंदी येईपर्यंत 'सारायी गुत्तिगेदार' होते, पण त्यांचे दुकान 'अंगडी'च राहिले.

म्हणजे गुत्ता या शब्दात वास्तू अशी नाहीच, आहे तो कागद. इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबाचे उलट आहे. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप. त्यात घर आहे. 'टॅव्हर्न' लॅटिन 'ताबेर्ना'वरून आला, आणि हे 'ताबेर्ना' 'त्राब्स' म्हणजे तुळई या शब्दातून निघाले असावे, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. ठेंगण्या छताखालच्या काळपटलेल्या तुळया हीच त्या पबांची ओळख, तेव्हा ही व्युत्पत्ती खरी ठरावी असे वाटते. आपल्या 'तुळई'तही संस्कृत 'तुला' आहे. तराजूची दांडी आणि छपराचा वासा असे दोन्ही अर्थ तिला होते. 'बार' म्हणजे गिऱ्हाइकाला अडवणारा आडवा दांडा. त्याच दांड्याने कोर्टात वकिलांनाही नाव दिले. 'दरबार'मधला फारसी 'बार' वेगळा, तिथे भेटीची परवानगी आहे. आपल्या पाट्यांवर 'बार'शेजारी 'परमिट रूम' असते. म्हणजे खोली मिळाली, तरी परवाना सुटला नाही.

आपल्याकडे पिण्याच्या जागेला घर नव्हतेच, असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले सुराध्यक्षाचे प्रकरण पाहावे. पानागाराला अनेक दालने असावीत, त्यांत वेगवेगळी शयने-आसने असावीत, सुगंध, फुले, पाणी असावे आणि प्रत्येक ऋतूत तिथे सुखाने बसता यावे, असे तो सांगतो. इंग्रजी पबातही पुढे साध्या गिऱ्हाइकाची बैठक वेगळी आणि सलून वेगळे झाले. 'पानागारा'तला 'आगार' मराठीत एसटीने सांभाळला. 'पिठा' या शब्दात संस्कृत 'पीठ', म्हणजे बसण्याची जागा, असावे. गुजरातीत 'पीठुं' आहेच. तसे असेल तर पिठा आणि विद्यापीठ एकाच आसनावर बसतात.

एक कोडे उरते. कराराचा गुत्ता संपून दारूचा गुत्ता सुरू होतो, ती सीमा नकाशावर नेमकी कुठे? उदगीर-देगलूरकडे गुत्तेदार रस्ते बांधतो. तिथे कुणी 'गुत्त्यावर गेला' म्हटले, तर तो कामाला गेला की प्यायला? त्या भागातल्या वाचकांनी निवाडा करावा.