केसपेपरचे दोन वाचक

अमेरिकेत केवळ भरती असलेल्या रुग्णांकडे पाहणाऱ्या डॉक्टरांना हॉस्पिटलिस्ट म्हणतात. विद्यापीठांशी जोडलेल्या रुग्णालयांतील अशा डॉक्टरांनी 2011 मध्ये 'होमरन' नावाचे संशोधन-जाळे उभे केले. त्याची सूत्रे सॅन फ्रान्सिस्कोतील अँड्र्यू ऑअरबाख यांच्याकडे होती. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बारा रुग्णालयांतले एक हजार रुग्ण होते आणि सगळेच घरी सोडल्यावर तीस दिवसांच्या आत पुन्हा भरती झालेले. प्रत्येक प्रकरण दोन डॉक्टरांनी तपासले आणि एकाच प्रश्नाचा निवाडा केला: ही फेरभरती टळू शकली असती का? 26.9 टक्के प्रकरणांत उत्तर 'हो' आले. या संशोधनाची कुळकथा सांगणारे बहुधा 1996 पासून सुरुवात करतात, कारण रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी त्या वर्षी एका लेखात हॉस्पिटलिस्ट हे नाव रूढ केले. पण तो व्यवसायाचा जन्म झाला. अनेक रुग्णालयांतले केसपेपर काढायचे, ते दोघांनी वाचायचे आणि 'टळले असते का' हे ठरवायचे, या रीतीचे मूळ मला वॉर्डात सापडत नाही. ते सापडते 1970 च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात, विम्याच्या हप्त्यांवरून पेटलेल्या भांडणात.

तेव्हा तिथे डॉक्टरांवरच्या खटल्यांमुळे विम्याचे हप्ते इतके चढले, की 1975 मध्ये राज्याला वेदना-क्लेशांपोटी मिळणाऱ्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. त्याच सुमारास राज्यातल्या डॉक्टरांच्या आणि रुग्णालयांच्या संघटनांपुढे वेगळाच हिशेब होता. चूक कोणाची हे न पाहता उपचारांत इजा झालेल्या प्रत्येकाला भरपाई द्यायची ठरवली, तर खर्च किती येईल? उत्तरासाठी 23 रुग्णालयांतले 1974 सालचे 20,864 केसपेपर काढले गेले. कामाची धुरा डॉन हार्पर मिल्स यांच्याकडे होती. ते डॉक्टर होते आणि वकीलही, आणि मला हा तपशील फार बोलका वाटतो. आधी ठरावीक निकषांच्या यादीवरून संशयास्पद कागद बाजूला काढायचे आणि मग तेवढेच जाणकारांनी वाचायचे, अशी दोन टप्प्यांची चाळणी त्यांनी लावली. शंभरातल्या 4.65 भरतींत भरपाईजोगी इजा आढळली आणि त्यांपैकी सुमारे 17 टक्के इजांत कायद्याने जबाबदारी ठरली असती.

हीच चाळणी पुढे न्यूयॉर्कला गेली, तीही पुन्हा खटले आणि भरपाईच्याच प्रश्नापायी. हार्वर्डच्या संशोधकांनी 51 रुग्णालयांतले 1984 सालचे 30,121 केसपेपर घेतले. कॅलिफोर्नियाची यादी थोडी बदलून 18 निकषांची केली आणि चाळणीतून उरलेला प्रत्येक कागद दोन डॉक्टरांना स्वतंत्रपणे वाचायला दिला. आपल्या निवाड्याची खात्री किती, हे त्यांनी सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर नोंदवायचे होते. 1991 मध्ये निकाल आला: 3.7 टक्के भरतींत इजा आणि त्यांतल्या 27.6 टक्के निष्काळजीपणामुळे. इथवर प्रश्न कोर्टाचाच आहे, दोष कोणाचा? खरे वळण आले ऑस्ट्रेलियात. तिथला अभ्यासही भरपाईच्या फेरविचारातूनच निघाला होता, पण त्याने निष्काळजीपणाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि इजा टळू शकली असती का, एवढेच विचारले. 28 रुग्णालयांतल्या 14,000 हून जास्त भरतींपैकी 16.6 टक्क्यांत इजा सापडली आणि त्यांतल्या निम्म्यांहून किंचित जास्त टाळण्याजोग्या ठरल्या. हे 1995 साल. दोषाचा काटा काढला गेल्यामुळेच ही रीत डॉक्टरांना आपल्याच सहकाऱ्यांच्या कामावर वापरता येण्याजोगी झाली, असे माझे ठाम मत आहे.

या वंशावळीला प्रतिस्पर्धी आहेत. स्ट्रेप्टोमायसिनची 1948 ची ब्रिटिश चाचणी अनेक रुग्णालयांत झाली आणि तिच्यात क्ष-किरण फिल्म तिघांनी स्वतंत्रपणे वाचल्या, रुग्ण कोणत्या गटातला हे न कळू देता. एकापेक्षा जास्त वाचकांची शिस्त तिथे नक्कीच आहे. पण ते वाचक काय झाले ते पाहत होते, काय होऊ शकले असते ते नव्हे. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रत्येक शस्त्रक्रियेचा अंतिम परिणाम नोंदवा म्हणत होते. मात्र तो आग्रह आपापल्या रुग्णालयाने आपला हिशेब मांडण्याचा होता.

खरा तगडा प्रतिस्पर्धी म्हणजे मातामृत्यूंच्या चौकश्या. न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीने 1930 ते 1932 मधले 2,041 मातामृत्यू तपासले आणि जवळपास दोन-तृतीयांश टाळण्याजोगे ठरवले. 1933 च्या त्या अहवालाने शहर हादरले. आपल्याकडेही डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला आणि त्यांचा अहवाल 1941 मध्ये प्रसिद्ध झाला. 'टळले असते का' हा प्रश्न इथे विम्याच्या कितीतरी आधी विचारला गेला, हे मान्यच करायला हवे. तरीही या चौकश्या एकाच प्रकारच्या मृत्यूंपुरत्या होत्या. सगळ्या प्रकारच्या भरतींतून नमुना उचलून साध्यासुध्या रुग्णाचा कागदही तितक्याच बारकाईने वाचायचा, ही कल्पना कॅलिफोर्नियाची. हॉस्पिटलिस्टाचा रोजचा रुग्ण तोच असतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र ऑअरबाख आणि सहकाऱ्यांनी 29 रुग्णालयांतले मृत्यू पावलेले किंवा अतिदक्षता विभागात हलवलेले 2,428 रुग्ण घेतले आणि 23 टक्क्यांत निदानाची चूक आढळली. तिथे मातामृत्यू-चौकशीचे रक्त दिसते, हे मी नाकारत नाही.

गंभीर आक्षेप वेगळाच आहे. दोन वाचकांचे एकमत होतेच कुठे? हेवर्ड आणि हॉफर यांनी 2001 मध्ये माजी सैनिकांच्या सात रुग्णालयांतले 111 मृत्यू पुन्हापुन्हा वाचून घेतले. वाचकांतला मेळ मोजणारा आकडा फक्त 0.34 निघाला, 1 म्हणजे पूर्ण एकमत. विम्याच्या हिशेबाला असा डळमळीतपणा चालून जातो, कारण त्याला एकूण बेरीज हवी असते. रुग्णाच्या बाबतीत तो चालत नाही. होमरनच्या डॉक्टरांची स्वतःची भर मला इथे दिसते. 2016 च्या अभ्यासात त्यांनी केसपेपरवर विसंबून न राहता रुग्णालाही विचारले आणि त्याच्या डॉक्टरांनाही. टाळता येण्याजोग्या फेरभरतींशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते तातडीच्या विभागात घेतलेल्या निर्णयाचे, म्हणजे कदाचित भरती करण्याची गरजच नव्हती अशा रुग्णांचे. त्याखालोखाल बाहेरच्या डॉक्टरापर्यंत महत्त्वाची माहिती न पोहोचणे, रुग्णाला फार लवकर घरी सोडणे आणि गंभीर आजाऱ्याशी उपचारांच्या उद्दिष्टाविषयी बोलणेच न होणे ही कारणे आली. न झालेले बोलणे केसपेपरमध्ये सापडणे अवघड. त्यासाठी माणसांनाच विचारावे लागते, आणि मिल्स यांच्या चाळणीत त्याला जागा नव्हती.