डोकलामच्या छायेत रंगलेली वरळीची झुंज

भिवंडी, प्रतिनिधी – मुंबईच्या क्रीडारसिकाने क्रिकेटखेरीज अन्य खेळासाठी गर्दी करावी, असे प्रसंग विरळाच. ५ ऑगस्ट २०१७ ची रात्र त्यांपैकी एक होती. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारताचा विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा पणाला एक नव्हे, दोन किताब लागले होते. विजेंदरकडे जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे (डब्ल्यूबीओ) आशिया-पॅसिफिक सुपर मिडलवेट गटाचे विजेतेपद होते, तर झुल्पिकारकडे त्याच गटाचे ओरिएंटल विजेतेपद. दोघेही तोवर अपराजित होते.

भिवंडीशी नामसाधर्म्य असलेला हरियाणातील भिवानी जिल्हा ही मुष्टियोद्ध्यांची खाण. तेथील कालुवास गावचा विजेंदर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून मुष्टियुद्धातील भारताचा पहिला ऑलिंपिक पदकविजेता ठरला. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाच्या केरी होपला नमवून त्याने आशिया-पॅसिफिक किताब मिळविला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टांझानियाच्या फ्रान्सिस चेकाला तिसऱ्याच फेरीत गारद करून तो राखला.

वरळीच्या लढतीला राजकीय पार्श्वभूमीही होती. जून २०१७ पासून डोकलामच्या पठारावर भारत आणि चीनचे सैन्य एकमेकांसमोर उभे होते. चिनी माल फार काळ टिकत नाही, असा टोला विजेंदरने लढतीपूर्वी लगावला होता.

प्रत्यक्षात हा ‘माल’ पूर्ण दहा फेऱ्या टिकला. २३ वर्षांच्या झुल्पिकारने वयाने मोठ्या आणि अनुभवी विजेंदरला दम घेऊ दिला नाही. कमरेखालच्या ठोशांमुळे लढतीत व्यत्ययही आला. अखेरची घंटा झाली तेव्हा दोघेही पायांवर उभे होते आणि निर्णय पंचांच्या हाती गेला. तिन्ही पंचांनी कौल विजेंदरला दिला : ९६-९३, ९५-९४, ९५-९४.

‘एकमताने विजय’ या शब्दांनी ही चुरस झाकली जाते. या खेळात फेरी जिंकणाऱ्याला साधारणतः दहा, तर हरणाऱ्याला नऊ गुण मिळतात. दोन पंचांनी विजेंदरला दिलेली एखादी फेरी झुल्पिकारच्या पारड्यात टाकली असती, तर त्यांचे गुणपत्रक ९४-९५ असे उलटले असते आणि दोन्ही पट्टे चीनला गेले असते.

निकालानंतरची विजेंदरची कृती मात्र ठोशांहून अधिक स्मरणात राहिली. हा किताब आपल्याला नको, तो झुल्पिकारला परत देतो, सीमेवरील तणाव निवळावा, असे त्याने जाहीर केले. लढतीपूर्वी टोमणा मारणाऱ्याच्या तोंडी आलेले हे शब्द अनपेक्षित होते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला डोकलामचा तिढा सुटला. अर्थात तो मुत्सद्द्यांच्या वाटाघाटींमुळे.

विजेंदरची विजयमालिका पुढे १२ लढतींपर्यंत पोहोचली. १९ मार्च २०२१ रोजी पणजीत मांडवीतील जहाजावर रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत ती खंडित केली. वरळीत एका गुणाच्या फरकाने जपलेले अपराजितपण साडेतीन वर्षांहून अधिक काळ टिकले होते.