शैक्षणिक कर्जाची परतफेड व निर्लेखन (भारत)

शैक्षणिक कर्जाची परतफेड व निर्लेखन या विषयात उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या बँक कर्जाची वसुली, त्यावरील व्याजासाठी शासनाकडून मिळणारे साहाय्य आणि थकीत कर्जाचा हिशेब मिटवण्याच्या पद्धती यांचा समावेश होतो. भारतात शैक्षणिक कर्ज सामान्यतः शासन स्वतः देत नाही; ते बँका देतात. व्याज अनुदान, पतहमी निधी आणि रिझर्व्ह बँकेचे नियम या तीन मार्गांनी शासन व नियामक त्यात भाग घेतात. या कर्जाच्या संदर्भात ‘निर्लेखन’ आणि ‘माफी’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात ते भिन्न आहेत. निर्लेखित कर्जाचे येणे बँकेच्या ताळेबंदातून वगळले जाते, मात्र कर्जदाराचे देणे कायम राहते.

## पूर्वपीठिका

शिक्षणासाठी परतफेडीच्या अटीवर पैसा देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. जमशेदजी टाटा यांनी १८९२ साली मुंबईत स्थापन केलेल्या जे. एन. टाटा एन्डोमेंट या निधीतून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली जाते. तिच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. संस्थानी राज्यांत पैशाऐवजी सेवेच्या रूपाने परतफेड करण्याची पद्धत होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून घेण्यात आला होता. १९१७ साली आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. परंतु तेथे मिळालेली अस्पृश्यतेची वागणूक आणि राहायला जागा न मिळणे यांमुळे त्यांना लवकरच ती नोकरी सोडावी लागली. करार पाळण्याची कर्जदाराची इच्छा असली, तरी परिस्थिती ते पाळू देईलच असे नाही, हे या उदाहरणातून दिसते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. या योजनेतील कर्ज बिनव्याजी होते आणि त्याच्या वसुलीची जबाबदारी राज्य शासनांवर होती. कर्ज घेणारा विद्यार्थी पुढे शिक्षकी पेशात गेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ करण्याची तरतूद होती. देशभर विखुरलेल्या पदवीधरांकडून लहान लहान रकमा गोळा करणारी यंत्रणा राज्यांकडे नव्हती. त्यामुळे वसुली अत्यल्प राहिली आणि योजना पुढे बंद पडली. त्यानंतर ही जबाबदारी बँकांकडे सोपवण्यात आली.

## आदर्श शैक्षणिक कर्ज योजना

कॅनरा बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आर. जे. कामत यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींवरून इंडियन बँक्स असोसिएशनने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००१ मध्ये ती बँकांकडे पाठवली. बहुतेक सरकारी बँकांच्या योजना आजही याच साच्यावर आधारलेल्या आहेत. ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण किंवा त्रयस्थ जामीनदार लागत नाही, तसेच स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. आई-वडील किंवा पालक मात्र सहकर्जदार असतात. विद्यार्थ्याने परतफेड केली नाही तर बँक संपूर्ण रक्कम पालकांकडे मागू शकते. विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि कर्जाला विम्याचे संरक्षण नसेल, तरीही सहकर्जदाराची जबाबदारी संपत नाही.

अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष यांत हप्ता भरावा लागत नाही. या काळाला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. मोरॅटोरियममध्ये सरळव्याज आकारले जाते आणि परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवून हप्ता ठरवला जातो. उदाहरणार्थ, चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये १० टक्के दराने घेतले, तर पहिला हप्ता देय होईपर्यंत १ लाख ४० हजार रुपये व्याज साचते. दहा वर्षांत फेडायच्या ४ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५,२८५ रुपये असता. ५ लाख ४० हजारांवर तो सुमारे ७,१३५ रुपये होतो. नोकरी मिळण्यापूर्वीच कर्ज एक तृतीयांशाहून अधिक वाढते, म्हणून व्याज अनुदानाला महत्त्व आहे. परतफेडीची मुदत सुरुवातीला ५ ते ७ वर्षे होती; सुधारित योजनेत ती १५ वर्षांपर्यंत वाढवण्यात आली.

## व्याजाचा भार

केंद्रीय व्याज अनुदान योजना शैक्षणिक वर्ष २००९-१० पासून लागू झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि भारतात व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मोरॅटोरियम काळातील संपूर्ण व्याज केंद्र शासन भरते. योजनेची समन्वयक बँक कॅनरा बँक आहे. लाभ पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी एकदाच मिळतो. २०१८ मध्ये नॅक किंवा एनबीए मूल्यांकनाची अट घालण्यात आली. वैद्यकीय कारणाशिवाय शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या किंवा महाविद्यालयातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला अनुदान मिळत नाही. पदवी हाती नसल्याने ज्याची कमाईची शक्यता सर्वांत कमी, त्याच विद्यार्थ्यावर व्याजाचा पूर्ण भार पडतो, ही या योजनेतील ठळक उणीव होय.

२००९ पूर्वी कर्ज घेतलेले विद्यार्थी या योजनेबाहेर राहिले होते. तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी १७ फेब्रुवारी २०१४ रोजी मांडलेल्या अंतरिम अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी तरतूद केली. ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी बाकी असलेल्या कर्जांवरील तोपर्यंतचे थकीत व्याज शासनाने स्वतःकडे घेतले. त्यासाठी २,६०० कोटी रुपये ठेवण्यात आले आणि सुमारे ९ लाख कर्जदारांना लाभ होईल असा अंदाज सांगण्यात आला. माफीच्या सर्वांत जवळ जाणारा हा केंद्रीय निर्णय असला, तरी यातही मुद्दल माफ झाले नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक ८६० संस्थांमध्ये प्रवेश मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज देण्याची तरतूद आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियम काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. ही सवलत दरवर्षी १ लाख विद्यार्थ्यांपुरती मर्यादित आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठीची पढो परदेश ही व्याज अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद करण्यात आली.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः राज्याची विकास महामंडळे करतात. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत देशांतर्गत शिक्षणासाठी १० लाख आणि परदेशी शिक्षणासाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचा विचार होतो. हप्ते नियमित भरणाऱ्यालाच परतावा मिळतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्वतः अल्प व्याजदराने शैक्षणिक कर्ज देते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. मुळात कर्जाची गरजच कमी करणारा हा निर्णय आहे. वसतिगृह व भोजनाचा खर्च मात्र वेगळा राहतो.

## थकबाकी, निर्लेखन आणि माफी

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास खाते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए ठरते. डिसेंबर २०२० अखेर सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जांपैकी सुमारे साडेनऊ टक्के रक्कम अनुत्पादक असल्याची माहिती केंद्र शासनाने संसदेत दिली होती. त्यानंतर हे प्रमाण बरेच घटले.

अनुत्पादक खात्यासाठी बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. पूर्ण तरतूद झालेली आणि चार वर्षे उलटलेली खाती बँका सामान्यतः ताळेबंदातून काढतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी काढलेल्या चौकटीत तांत्रिक निर्लेखनाची व्याख्या दिली आहे. तिच्यानुसार ही कृती केवळ हिशेबापुरती असून कर्जदारावरील कोणताही दावा तिने सोडला जात नाही. वसुलीची कारवाई चालू राहते आणि पतमाहिती कंपन्यांच्या नोंदींत खाते निर्लेखित म्हणून दिसते. अशी माहिती किमान सात वर्षे जतन केली जाते. या काळात गृहकर्ज किंवा व्यवसायासाठी कर्ज मिळणे अवघड होते. पालक सहकर्जदार असल्याने त्यांच्या नावावरही हाच शेरा राहतो.

तडजोडीचे स्वरूप याहून वेगळे आहे. त्यात कर्जदार ठरलेली रक्कम एकरकमी भरतो आणि बँक उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडते. लोकअदालतींत शैक्षणिक कर्जाची अशी प्रकरणे मिटवली जातात. देणे यामुळे खरोखर संपते. तरी पतनोंदीत खाते ‘सेटल्ड’ असे राहते आणि पूर्ण फेडलेल्या कर्जाच्या तुलनेत त्याची प्रत कमी धरली जाते.

शैक्षणिक कर्ज पतहमी निधी १६ सप्टेंबर २०१५ रोजी अधिसूचित झाला. साडेसात लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज बुडाल्यास थकीत रकमेच्या ७५ टक्के भरपाई हा निधी बँकेला देतो. त्यासाठी बँक दरवर्षी अर्धा टक्का शुल्क भरते. हमीचे पैसे मिळाले म्हणजे आपले कर्ज फिटले, असा कर्जदारांचा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. निधी बँकेचे नुकसान भरून काढतो. विद्यार्थ्याकडील वसुली चालूच राहते आणि वसूल झालेल्या रकमेत निधीचाही वाटा असतो.

केरळ शासनाने २०१७ मध्ये ९०० कोटी रुपयांची परतफेड साहाय्य योजना आणली. तिच्यात नियमित कर्जदाराच्या वार्षिक हप्त्याचा ९० टक्के भाग पहिल्या वर्षी राज्याने उचलला आणि पुढील तीन वर्षांत हा वाटा ७५, ५० व २५ टक्के असा उतरता ठेवला. लहान थकीत खात्यांचा मोठा हिस्साही राज्याने भरला. महाराष्ट्रात अशी सर्वसाधारण योजना आलेली नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या शेतीकर्जापुरत्या होत्या. शेतकऱ्याच्या घरातील मुलाचे शैक्षणिक कर्ज त्यांत धरले गेले नाही.

## खानदेशातील स्थिती

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे. शैक्षणिक कर्जासह प्राधान्य क्षेत्रातील कर्जांचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा सल्लागार समितीत घेतला जातो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९९०) आणि जळगाव, धुळे, शिरपूर येथे अभियांत्रिकी, औषधनिर्माण व वैद्यकीय शिक्षणाच्या सोयी वाढल्यानंतर व्यावसायिक शिक्षण जिल्ह्यातच घेणे शक्य झाले. नोकरीसाठी मात्र पदवीधरांना बहुधा पुणे, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. कर्ज गावाजवळच्या शाखेत, कर्जदार परगावी आणि सहकर्जदार गावात अशा स्थितीत बँकेची सूचना आधी आई-वडिलांच्या हाती पडते.

व्याज अनुदानाची उत्पन्नमर्यादा येथे कुटुंबांची विभागणी कशी करते, हे भुसावळ तालुक्यातील दीपनगरच्या उदाहरणावरून समजते. दीपनगर ही महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. वीज केंद्रातील कायम कर्मचाऱ्याचे पगारी उत्पन्न पूर्णपणे नोंदलेले असते आणि ते साडेचार लाखांची मर्यादा सहज ओलांडू शकते. त्याच परिसरातील कंत्राटी कामगार किंवा केळी व कापूस पिकवणारा शेतकरी तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर योजनेत बसू शकतो. पगारदाराचे उत्पन्न दरमहा येते आणि हप्ताही दरमहा असतो. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी असून भावावर अवलंबून असते. त्याला अनुदान मिळाले तरी मासिक हप्त्याची वेळ त्याच्या उत्पन्नाशी जुळत नाही. पीककर्जाची परतफेड हंगामाशी जोडलेली असते, तशी शैक्षणिक कर्जाची नसते.

तारणाच्या बाबतीतही फरक पडतो. मोठ्या कर्जासाठी बँका स्थावर तारण मागतात. सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील तारणाला त्या कायद्याची जप्तीची पद्धत लागू होत नाही. ही तरतूद शेतकऱ्याचे संरक्षण करते; पण याच कारणाने बँका शेतजमिनीपेक्षा बिगरशेती प्लॉट किंवा घर तारण घेणे पसंत करतात. परिणामी दहा एकर रानाच्या मालकाला मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी कर्ज मिळवणे शहरातील सदनिकाधारकापेक्षा कठीण जाऊ शकते.

## कर्जदाराचे हक्क

वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, तसेच धमकी देऊ नये किंवा सार्वजनिक अपमान करू नये, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी दिले. तक्रारीचे निवारण बँकेत ३० दिवसांत न झाल्यास लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. आयकर कायद्यानुसार शैक्षणिक कर्जावर भरलेले व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होते; मुद्दलाला ही सवलत नाही. कोविड काळात मार्च ते ऑगस्ट २०२० दरम्यानच्या व्याजावरील व्याजाची भरपाई शासनाने केली, तीत शैक्षणिक कर्जांचाही समावेश होता.

## इतर देशांतील पद्धती

इंग्लंडमध्ये परतफेड उत्पन्नाशी जोडलेली आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्नाच्या ९ टक्के रक्कम वेतनातून कापली जाते आणि ठरलेल्या मुदतीनंतर उरलेले कर्ज रद्द होते. ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी ही मुदत ४० वर्षे आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशीच उत्पन्नाधारित पद्धत आहे. अमेरिकेत व्यापक कर्जमाफीचा अध्यक्ष जो बायडेन यांचा आराखडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द ठरवला. परदेशी शिकणारे भारतीय विद्यार्थी भारतातील बँकेचे कर्ज घेऊन गेले असल्यास त्यांना या योजनांचा लाभ होत नाही. त्यांच्या कर्जाला भारतीय नियम लागू होतात आणि त्यांचा हप्ता रुपयांतच भरावा लागतो.