घाटंजीची डुक्कर फियाट: जुनी गाडी जागी करायची, पण किती?

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. संपणार कधी, आणि त्याचा उपयोग काय? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दुसऱ्याचं द्यायची संधी मागच्या उन्हाळ्यात माझ्या आजोळी, घाटंजीला मिळाली. माझा विषय आहे लोखंडाचं गंजणं. आणि मामाच्या शेडमध्ये एक गाडी चाळीस वर्षं गंजत उभी होती.

गाडी म्हणजे १९५५ ची फियाट ११००. मुंबई-पुण्याकडचे जुने लोक हिला 'डुक्कर फियाट' म्हणतात. समोरून बघितली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. हिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. आजोबांनी ती घेतली, १९८३ मध्ये ती जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये लावली, आणि मग 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत राहून गेली. आता मामेभावाचं लग्न ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. मामेभाऊ म्हणाला, इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं टाकू, झकास लाल रंग मारू, वरात यातच. मामा म्हणाला, बापाची गाडी आहे, जशी आहे तशी चालू करा. मला बोलावलं, कारण 'ही गंजाचं शिकते'.

मला वाटलं होतं हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. पण तो अर्धाअधिक इतिहासाचा निघाला, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी हलली नाही, राज्यं बदलली

आधी ही गाडी आली कुठून ते बघू. दुसऱ्या महायुद्धाआधी फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या मुंबईत परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या गाड्या जुळवत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. नुसती जुळवाजुळव नको, सुटे भाग इथेच बनवा, असं धोरण सरकारने १९५० च्या दशकात घेतलं आणि दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र टिकली. फियाट ११०० कुर्ल्यात १९५४ पासून तयार होऊ लागली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. पुढे सुधारत सुधारत याच कुळातून १९७० च्या दशकात 'पद्मिनी' आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही तिला ओळखता. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

आता गंमत बघा. १९५५ मध्ये यवतमाळ जिल्हा कुठल्या राज्यात होता? मध्य प्रदेशात! मध्यप्रांत-वऱ्हाडचं १९५० मध्ये मध्य प्रदेश झालं होतं आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे आजोबांची गाडी घाटंजीच्या घाटंजीत राहून पाच वर्षांत तीन राज्यांची झाली. पत्र्याच्या पेटीत नोंदणीचं जुनं पुस्तक सापडलं, त्यात हे सगळं शिक्क्यांच्या रूपात आहे. १९३९ च्या मोटार कायद्याखालची नोंद, वेगवेगळ्या हातांची अक्षरं, वेगवेगळ्या शाया. आज यवतमाळचा नंबर एमएच-२९ ने सुरू होतो, पण ती पद्धत १९८९ पासूनची. या गाडीने ती पाहिलीच नाही, ती तेव्हा झोपली होती.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा इतिहास लिहिला जातो. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या मिरवणुकीत आजही चालत येते, लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघतात. पण कापसाच्या गावातल्या एका फियाटचा इतिहास त्या गाडीत आणि त्या पुस्तकातच असतो. गाडी बदलली की तो गेला.

सेल मारू नका

यवतमाळहून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पहिलं वाक्य बोलले, "ताई, कोणाले सेल मारू देऊ नका. आंधी तेल टाका, दम खाऊ द्या तिले."

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. झोपलेल्या गाडीला एकदम स्टार्टर मारणं हा सगळ्यात महाग पडणारा उत्साह आहे. सिलिंडर लोखंडी, पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याच्या रिंगा पुन्हा लोखंडाच्या. वर्षानुवर्षांच्या दमट हवेत रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर बसतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. जोर लावला की रिंग तरी तुटते, नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतात. म्हणून स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. आम्ही नऊ दिवस थांबलो. रोज सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हलकासा दाब द्यायचा, हलली नाही तर सोडून द्यायचं. दहाव्या दिवशी पाव इंच हलली. मामा डोळे पुसत आत निघून गेला.

शेडने तिला तसं बरंच वाचवलं होतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो हे शाळेत शिकतो. पण हवेतल्या बाष्पाचाही एक उंबरठा असतो. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत फारसं गंजत नाही, त्यापुढे वेग एकदम वाढतो. आमच्याकडचा उन्हाळा रखरखीत कोरडा, तेव्हा गंज जवळजवळ थांबतो. पावसाळ्याचे चार महिने तो जेवतो. आणि जिथे कापसाचं तूस साचलं होतं, तिथे तो जास्त जेवला होता, कारण तूस ओल धरून ठेवतं. जमिनीचे पत्रे तिथेच चाळणी झाले होते, छप्पर जवळजवळ कोरं.

पेट्रोलच्या टाकीत तपकिरी डिंक सापडला. जुनं पेट्रोल हवेशी संयोग होऊन घट्ट होतं, आणि तो डिंक कार्बुरेटरच्या केसाएवढ्या भोकांत गेला की संपलं. नवीन पेट्रोलचा त्रास वेगळा. आता आपल्याकडे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि १९५५ च्या रबराला फुगवतं. मग मूळ नळ्या ठेवायच्या की गाडी पेटू द्यायची? आम्ही आतून व्हायटन रबराची नळी घातली आणि वरून जुनं विणलेलं कापडी आवरण चढवलं. ब्रेकचं सगळं रबर मात्र सरळ नवं. ब्रेकच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट धरू नये. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवले.

मूळ म्हणजे काय?

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीची चाकं बदलतात, धाव बदलते, आख बदलतो, तरी ती आजोबांची बंडीच असते. मग गाडीच्या बाबतीत एवढी चर्चा कशाला?

ही चर्चा एकदा लंडनच्या उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. नंतर तिचं बरंच काही बदललं गेलं. विकत घ्यायला निघालेला पक्ष म्हणाला, ही ती गाडीच नाही. १९९० मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं, तीच आहे. कारण बदल टप्प्याटप्प्याने झाले होते आणि मध्ये कुठे ती मोडून दुसरीच गाडी उभी केलेली नव्हती. म्हणजे भाग जुने असण्यापेक्षा सलगता महत्त्वाची मानली. आमच्या बंडीचाच न्याय!

इमारतींच्या जतनाबाबत १९६४ ची व्हेनिस सनद आहे. अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीने थांबावं, हे तिचं सार. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, त्याच धर्तीवर २०१२ मध्ये तुरिन सनद केली. जमेल तेवढं जपा, बदललं तर खूण करा, आणि सगळं लिहून ठेवा.

आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसलेली खाजगी गाडी व्हिंटेज ठरते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन-रॅलीला परवानगी. मी हे जेवताना वाचून दाखवलं. इंजिन बदललं तर गाडी कायद्याने व्हिंटेज राहणार नाही, एवढं ऐकल्यावर मामेभाऊ गप्प झाला. लाल रंगाचा हट्ट मात्र सोडेना, कारण नियमात रंगाबद्दल काही नव्हतं.

रंगाखालचा रंग

गाडी क्रीम रंगाची. मामा म्हणे, कायम अशीच होती. मी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातून नखाएवढा पापुद्रा काढला आणि प्रयोगशाळेत नेला. सूक्ष्मदर्शकाखाली थर दिसले: सगळ्यात खाली तांबूस प्रायमर, मग करडा-निळा, मग क्रीमचे दोन हात. म्हणजे कुर्ल्याहून आली तेव्हा गाडी निळी होती!

पुढचं काम अवरक्त वर्णपटाचं. प्रत्येक रासायनिक बंध ठरावीक लहरींची अवरक्त किरणं शोषतो, त्यावरून पदार्थ ओळखता येतो. निळ्या थरात १७३० च्या आसपास एस्टरची खूण होती, म्हणजे अल्किड इनॅमल, कारखान्यात भट्टीत पक्कं केलं जातं तसं. क्रीम थरात १६५०, १२८० आणि ८४० ला ठळक खुणा. ही नायट्रोसेल्युलोजची सही. १९२० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीने आणलेला 'ड्यूको' हाच. भट्टी नको, हवेतच झटपट वाळतो, म्हणून दुरुस्तीवाल्यांचा लाडका. आपले रंगारी आजही 'ड्यूको मारला' म्हणतात.

नायट्रोसेल्युलोज कशापासून करतात? सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंवर, म्हणजे कापसाच्या तुसावर, नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून. लाकडाच्या लगद्यापासूनही होतं, पण कापूस हा उत्तम कच्चा माल. जिनिंगच्या शेडमध्ये तुसाखाली उभी असलेली गाडी, आणि तिच्या अंगावरचा रंगही बहुधा तुसाचाच.

मी हे आजीला सांगितलं तेव्हा तिला आठवलं. "हो वं माय, निळीच होती. थोरलीच्या लग्नाच्या वेळी नागपूरले नेऊन रंगवली होती ह्यांनी." थोरली म्हणजे माझी आई.

आता मला सांगा, मूळ रंग कोणता? कारखान्याच्या हिशोबाने निळा. पण निळी गाडी आज घरात आजी सोडून कुणालाच आठवत नाही, आणि क्रीम रंग काढायचा म्हणजे आजोबांचा निर्णय खरवडून टाकायचा. आम्ही क्रीमच ठेवला. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चौकोन फक्त उघडा केला, तिथे तिन्ही थर दिसतात. मामेभावाने तो स्वतःच्या हाताने घासला आणि त्यानंतर लाल रंगाचं नाव काढलं नाही.

माझी चूक

हे सगळं शहाणपण मला पहिल्या दिवशी नव्हतं. आल्या आल्या उत्साहात मी डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावरची काजळी केरोसीनच्या फडक्याने पुसली. तिथे मेणाच्या खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. जुळणी करताना कामगार असे आकडे आणि खुणा करत, बहुधा तेच. कुर्ल्यातल्या कुणाचं तरी अक्षर सत्तर वर्षं टिकलं, उंदरांतून वाचलं, आणि जतनाच्या गप्पा मारणाऱ्या माझ्या हातून अर्ध्या मिनिटात गेलं. आधी काढलेल्या एका धूसर फोटोत एक ७ आणि एक तिरकी रेघ दिसते. बाकी काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

प्रयोगशाळेत नमुन्याला हात लावण्याआधी नोंद करायची, हे मी एम.एस्सी.च्या पोरांना शिकवते. घरच्या गाडीला तो नियम लावायचं सुचलं नाही, कारण ती मला नमुना वाटलीच नाही.

तुमच्या वाड्यात, गोठ्याशेजारी, गिरणीच्या शेडमध्ये एखादी जुनी जीप, फियाट, राजदूत उभी असेल तर एवढं करा. पाण्याचा पाइप लावण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, धुळीसकट. कागदपत्रं शोधा. काढलेला एकही तुकडा भंगारात देऊ नका. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा आणि ते बोलतील ते लिहून घ्या. वर्णपटाला थर कळला, पण रंगवलं कशासाठी ते आजीलाच माहीत होतं.

इंजिन सुरू झालं. टाकी अजून जोडलेली नव्हती, बाटलीतून नळीने पेट्रोल दिलं. आधी खोकल्यासारखा आवाज, निळा धूर, मग चारही सिलिंडर लागले. मिस्त्रींनी चार मिनिटांनी बंद केलं, "आजच्या दिवशी एवढंच." वरातीला गाडी गेली नाही, ब्रेक आणि कागदपत्रं दोन्ही व्हायचे होते. लग्नाच्या दिवशी आठ जणांनी ढकलत ती मांडवाच्या दारात आणून उभी केली. आजी उलट्या दरवाजातून आत बसली आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत उतरली नाही.